पावसाळ्यात लॅकर पांढरं पडतंय? थिनरला दोष देण्याआधी या चुका टाळा

जुलैमध्ये ओशिवऱ्याच्या आमच्या गाळ्यात सागवानी कपाटाच्या दारांवर लॅकर मारलं आणि पाच मिनिटांत दुधावर साय धरावी तसा पांढरट थर आला. कारागीर म्हणाला, "दादा, थिनरात भेसळ दिसतेय." मी दुकानदाराशी भांडून डबा बदलून आणला. पुन्हा तेच.

थिनर (लॅकर पातळ करायचं द्रावण) चांगलाच होता. तो उडताना लागणारी उष्णता लाकडाच्या पृष्ठभागातून खेचतो, त्यामुळे लाकूड गार पडतं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, साधारण २६ अंशांवर असतो. पृष्ठभाग दोनच अंश गार झाला तरी हवेतली वाफ ओल्या लॅकरवर पाणी होऊन बसते. आर्द्रता ५० टक्के असेल, तर हाच दवबिंदू १७ अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून डिसेंबरात त्याच थिनरने काम झकास होतं. खात्री करायची असेल तर थर्मामीटरच्या टोकाला कापूस गुंडाळून तो अॅसिटोनमध्ये (अनेक थिनरांत असणारं, झटकन उडणारं द्रावण) भिजवा आणि वारा घाला. पारा दहा अंशांहून जास्त घसरतो. आसपास गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नको. अॅसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत दूरच्या ज्वाळेपर्यंत जाते.

लॅकर पांढरं पडलं की बहुतेक जण थिनर वाढवतात. त्याने उडणारं द्रावण वाढतं आणि लाकूड आणखी गार होतं. लवकर वाळावं म्हणून पंखा रोखला, तरी परिणाम तोच. त्याऐवजी सावकाश उडणारा रिटार्डर घाला, पण डब्यावर दिलंय तेवढाच. जास्त झाला तर लॅकर कितीतरी दिवस मऊ राहतं आणि बोटाचे ठसे उमटतात. एसीच्या खोलीतली दारं बाहेर आणून लगेच हात मारू नका. आधीच गार असलेल्या लाकडावर थिनर लागण्याआधीच ओल धरते. तासभर बाहेर राहू द्या.

पांढरा थर आलाच, तर त्यावर दुसरा हात मारून तो झाकू नका, ओल आत अडकते. कोरडा दिवस बघून रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारा. वरचा थर पुन्हा विरघळतो, ओल निघून जाते आणि सागाच्या रेषा परत दिसायला लागतात. आमची दारं अशीच वाचली.

थिनर-अॅसिटोनचे डबे भरताना मात्र वर जागा सोडा. अॅसिटोन दर अंशाला सुमारे ०.१४ टक्के फुगतं. ५ लिटरचा डबा ऑक्टोबरच्या उन्हात टेम्पोमध्ये १५ अंशांनी तापला, तर शंभरेक मिलिलिटर जास्त जागा लागते. काठोकाठ भरलेल्या डब्याचं झाकण तेव्हा दम धरत नाही.