मिरजेत येताय? मंडळीचं पत्र घेऊन या

नगरकडून मिरजेला नर्सिंगला मुलगी पाठवणारे पालक, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी लागलेली पोरं, बदलीवर आलेली कुटुंबं, सगळे मला आधी खोलीचं विचारतात. खोली मिळते. उपासनेनंतर आवारात दोघातिघांना सांगून ठेवा, संध्याकाळपर्यंत कुणाचा तरी फोन येतो. मला सांगायचंय ते त्यापुढचं: मंडळीत, म्हणजे इथल्या चर्चमध्ये, रुजायचं कसं. मीही नगरकडचीच. इथेच माझे केस पिकले, आणि नवीन माणसं दरवर्षी त्याच त्याच ठिकाणी अडखळताना दिसतात, म्हणून लिहितेय.

पहिलं काम पत्राचं. गाव सोडण्याआधी तुमच्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र घ्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं असेल तर तेही त्यात लिहून घ्या. "दर रविवारी येतोच की, पत्र कशाला?" असं पुष्कळ जण म्हणतात. लेकराचा बाप्तिस्मा, मुलीच्या लग्नाच्या घोषणा, घरात कुणी गेलं तर दफनभूमीतली जागा, हे सगळं सभासदांच्या वहीवरून ठरतं. घरात मयत असताना जुन्या गावी फोन लावून तारखा शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या वेळी इथले लोक मदत करतात, पण त्या घरावर तो ताण यायला नको होता. पत्र आणा, पहिल्याच महिन्यात द्या आणि एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.

पहिल्या रविवारी तुम्हाला वाटेल, ही काही आपली उपासना नव्हे. वाटू द्या. नगरला अँग्लिकन वळणात वाढलेल्याला गुडघे टेकून एकाच प्याल्यातून प्रभूभोजन घ्यायची सवय असते. दुसऱ्या कुणाच्या मंडळीत बाकावर बसल्या जागी छोट्या पेल्या हातात येतात. मिरजेची मंडळी अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या कामातून वाढली. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली इथे मिशनचं इस्पितळ उघडलं, आणि सांगलीच्या रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्रेसबिटेरियन रीतीत वडिलांच्या, म्हणजे निवडलेल्या एल्डरांच्या, मंडळाला मान. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल, तिथे सभासदांच्या सभेचा शब्द मोठा. हे दोन प्रवाह 1924 साली एका मंडळीत आले. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात बिशप मानणारे होते, बिशप कधीच न पाहिलेले होते, बाप्टिस्ट होते, ब्रेदरन होते.

त्या दिवशी कुणी आपली रीत कृष्णेत सोडून आलं नव्हतं. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करायचा की समजत्या वयात, या एका प्रश्नावर ज्या मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या राहिल्या, त्यांनी दोन्ही पद्धती मान्य ठेवून एकत्र यायचं ठरवलं. म्हणून शेजारच्या बाकावरचं कुटुंब लेकराला फक्त आशीर्वादासाठी पुढे नेत असेल, तर कुजबुजू नका. त्यांचा विश्वास तुमच्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

गाण्यांचं थोडं जास्त सांगते, कारण मनं तिथेच दुखावतात. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक सगळ्यांच्या हातात असतं, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं सगळ्यांना पाठ असतात, पण चाली गावोगावच्या. मिरज हे सतार-तंबोऱ्याचं गाव, इथल्या माणसांचा कान तयार आहे. आपले नगरकर पहिल्याच महिन्यात वाद्यवृंदाजवळ जाऊन "आमच्याकडे ही चाल अशी नाही" म्हणतात. कृपा करून असं म्हणू नका. वर्षभर इथल्या चालीवर मनापासून गा. मग एखाद्या घरच्या प्रार्थनासभेत तुमची चाल म्हणून दाखवा. आवडली तर तेच लोक ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेतील. आज इथे गायल्या जाणाऱ्या दोन-तीन चाली आपल्याच बायकांनी अशा आणल्या आहेत.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. काही वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या काही घरांनी रविवारी सकाळी, देवळातल्या उपासनेच्याच वेळी, एका फ्लॅटमध्ये वेगळी प्रार्थना सुरू केली. कारण एवढंच की इथे आपल्यासारखं होत नाही. सुरुवातीला उत्साह होता. मग मुलांना रविवारची शाळा नाही म्हणून आया कुरकुरू लागल्या. देवळातल्या गायनात पुरुषांचे आवाज कमी पडले. पुढे वर्गणीवरून त्या फ्लॅटमध्येही दोन तट पडले. शेवटी काही घरं परत आली. काही कुठेच जात नाहीत, आणि त्यांची मुलं नाताळातही येत नाहीत. ही किंमत फार मोठी आहे. गाववाल्यांनी एकत्र जमावं, मी स्वतः जमते, पण शनिवारी जमा, बुधवारी जमा. रविवारची ती वेळ सगळ्यांची आहे. बायबलमध्ये पौलाच्या रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय काढून बघा: खाण्यावरून आणि सणवारांवरून तिथली मंडळी भांडत होती. पौलाने कुणालाही वेगळी सभा भरवायला सांगितलं नाही, एकमेकांना स्वीकारायला सांगितलं.

"मूळचे कुठले?" हे तुम्हाला विचारतील. बहुतेक जण मायेने विचारतात. पण कधी त्या प्रश्नाआडून जात विचारली जाते, तेव्हा फक्त गावाचं नाव सांगा आणि विषय तिथेच थांबवा. एका भाकरीतून प्रभूभोजन घेणारी आपली माणसं लग्न जुळवताना पुन्हा जुन्या वेशीआड जातात, याचं मला फार वाईट वाटतं. टिळक अखेरच्या काळात इथून जवळच, साताऱ्यात राहायला होते. 1917 साली त्यांनी तिथे देवाचा दरबार सुरू केला. त्या बंधुत्वात त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा दिली. आपण तर बाप्तिस्मा घेतलेल्यांतच पंगती वेगळ्या करतो.

केरळच्या आणि कानडी मुली इस्पितळांत पुष्कळ आहेत. मराठी नीट कळत नसूनही त्या उपासनेला येतात. त्यांच्या शेजारी बसा, गीताचा क्रमांक काढून द्या.

आणखी एक. मंडळीच्या जमिनीचे, ट्रस्टचे, निवडणुकीचे वाद आपल्याकडे सगळीकडे असतात. नवीन माणसाच्या सहीला दोन्ही बाजूंनी मागणी असते. पहिलं वर्षभर कोणत्याही अर्जावर सही करू नका, घरी चहाला येऊन कुणी कितीही गोड बोललं तरी.

कापणीच्या सणाला रिकाम्या हाताने येऊ नका. कोंबडी, भोपळा, घरचं लोणचं, काहीही चालतं, आणि लिलावात दुसऱ्याने आणलेलं काहीतरी घ्याच. महिला मंडळात पहिल्याच दिवशी भाषण नको. आत जाऊन कांदे चिरायला बसा, सगळ्यांची नावं तिथेच कळतील.