कुंडीच्या साठवलेल्या मातीला बुरशी: या चुका टाळा

दसरा आटोपला की नागपुरात पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्सची रोपं लावायची घाई सुटते. उन्हाळ्यात भरून ठेवलेलं मातीचं पोतं तेव्हा कुठे उघडलं जातं, आणि आत कापसासारखी पांढरी जाळी दिसते. मग दरवर्षीचा प्रश्न येतो: "माती खराब झाली, फेकून देऊ का?"

फेकू नका. ही पांढरी बुरशी बहुतेक वेळा मेलेल्या, कुजणाऱ्या गोष्टींवर जगते. कच्चं शेणखत, पालापाचोळा, खत म्हणून टाकलेल्या पेंडीचे कण हे तिचं अन्न. जिवंत मुळांच्या वाटेला ती सहसा जात नाही. ती दिसली की एवढंच ओळखायचं: पोत्यात ओल होती, खत कच्चं होतं आणि हवा खेळत नव्हती. इलाज या तिन्हींवर करायचा असतो. बुरशीच्या मागे धावून काही होत नाही.

ओली माती बांधून ठेवणं

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या चुकीची. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची वीट बादलीत भिजवायची, ती फुलली की न पिळता मातीत कालवायची, वरून निंबोळी पेंड टाकायची आणि लगेच प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड सुतळीनं आवळायचं. आपली काळी माती आधीच पाणी धरून ठेवणारी. त्यात ओली झालेली पेंड. बुरशी आली नाही तरच नवल!

आणि ही पिशवी ठेवायची कुठे? बाल्कनीत, कूलरच्या स्टँडखाली, कारण तिथे जागा रिकामी असते. बाहेर ४५ अंशांचं ऊन असलं तरी ताट्यांचं पाणी ठिबकून तिथली फरशी जूनपर्यंत ओलीच राहते. त्यानंतर पावसाळा. म्हणजे पोत्याला कोरडं व्हायला एक आठवडाही मिळत नाही.

मी मिश्रण आधी करूनच ठेवत नाही. कोकोपीटची वीट कोरडीच राहू देते, पेंड झाकणाच्या डब्यात ठेवते, आणि लावणीच्या दिवशी लागेल तेवढंच कालवते. उरलं तर ताडपत्रीवर सावलीत पसरते. मुठीत दाबल्यावर गोळा न बांधता भुरभुरलं, की मगच विणलेल्या पोत्यात भरते. पोतं दोन विटांवर, भिंतीपासून जरा दूर. कंटाळवाणं आहे, पण यात काही गाळता येत नाही.

बुरशी दिसली की औषध ओतणं

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी पांढरी जाळी पाहिली आणि थेट कृषी केंद्र गाठलं. दुकानदारानं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दिलं, शिवाय ट्रायकोडर्माची पुडीही दिली. "दोन्ही टाका, बिनधास्त राहा." काकूंनी एकाच संध्याकाळी दोन्ही पाण्यात कालवून पोत्यात ओतलं आणि तोंड पुन्हा बांधलं. ट्रायकोडर्मा स्वतःच एक बुरशी आहे, उपयोगी बुरशी. कार्बेन्डाझिम तिलाही मारतं. पुडीचे पैसे तिथेच गेले.

खरा घोळ पुढे झाला. पोतं उघडलं तेव्हा आंबट, कुजका वास येत होता. काकूंनी तीच माती ट्रेमध्ये भरून पिटुनियाचं बी टाकलं, आणि कोवळी रोपं देठाशी मऊ पडून आडवी झाली. काकू मला म्हणाल्या, "काहून वं, औषध तर टाकलं होतं!" ही रोपमर. ती बरेचदा पिथियम या मातीतल्या, बुरशीसारख्या जीवामुळे येते, आणि पिथियमवर कार्बेन्डाझिम चालत नाही. पिथियमला हवी असते साचलेली ओल, आणि औषधाच्या निमित्तानं तीच तर वाढवली होती. ती माती आम्ही पसरून वाळवली, ढेकळं फोडली, वास गेल्यावर मोठ्या झाडांच्या कुंड्यांत वापरली. बियांसाठी नवीन मिश्रण केलं.

दुकानात विचारण्याआधी माती नाकाशी न्या. पहिल्या पावसासारखा वास आला तर पसरा, चाळा, वापरा. आंबट किंवा कुजका आला तर हवा लागू द्या, आणि बियांना ती माती देऊ नका. ढेकळं मात्र फोडाच. बुरशीच्या जाळीनं बांधलेल्या ढेकळात पाणी शिरत नाही, कडेनं वाहून जातं.

ट्रायकोडर्मा वापरायचाच असेल तर चांगल्या कुजलेल्या १०० किलो शेणखताला १ किलो, म्हणजे घरच्या १० किलोला १०० ग्रॅम. हलकी ओल ठेवून सावलीत साधारण १५ दिवस मुरू द्या. त्यावर हिरवट थर आला की घाबरून फेकणारेही भेटतात, पण तो ट्रायकोडर्माचाच असतो. तुम्ही ट्रायकोडर्मा टाकलाच नसेल आणि हिरवं किंवा काळं दिसत असेल, तर मात्र ती दुसरीच बुरशी समजा.

उन्हाचा अर्धवट उपयोग

नागपूरचा मे महिना फुकटचं औषध आहे, आणि लोक बांधलेलं पोतं तसंच उन्हात ठेवून मोकळे होतात. आतपर्यंत उष्णता पोचत नाही. माती वीतभरापेक्षा कमी जाडीत पसरा, हलकी ओली करा, वर पारदर्शक पातळ पॉलिथीन ताणून कडा दाबा. काळं नको, पारदर्शकच. चार ते सहा आठवडे हात लावू नका. चौथ्याच दिवशी उघडून पाहणाऱ्यांनी हे करूच नये. गांडूळखत आणि ट्रायकोडर्मा त्यानंतर मिसळायचं, कारण या उष्णतेत चांगले जीवही मरतात.

दालचिनी, हळद भुरभुरणं: वरचं दिसेनासं होतं, आतली ओल तशीच राहते. तव्यावर माती भाजणं: घरभर वास आणि मेलेली माती. कुंडीत पिवळी छत्री, म्हणजे अळंबी उगवली तर उपटून टाका. लहान मुलं आणि कुत्र्यामांजरांच्या तोंडी जाऊ देऊ नका.

आणि बुरशीचं पोतं बंद खोलीत झटकू नका. त्यात अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू असू शकतात, ते श्वासातून आत जातात. घरात कुणाला दमा असेल तर त्यांनी या कामात पडूच नये. बाकीच्यांनी गच्चीवर, मातीवर आधी थोडं पाणी शिंपडून, एन-९५ मास्क लावून काम करावं. उन्हासाठी बांधतो तो दुपट्टा इथे पुरत नाही.