चॅम्पियन आपटला की आधी घड्याळाकडे बघा

टूर द फ्रान्स ही रोज एक टप्पा अशी चालणारी सायकल शर्यत नव्याने बघणाऱ्याला एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. पहिल्या नंबरचा गडी धाडकन पडतो, आणि ज्यांनी आता जीव खाऊन पळायला हवं ते पाय सैल सोडून, मागे वळून बघत रमतगमत चाललेले दिसतात. दोन दिवसांनी दुसऱ्या कुणाची तरी चेन उतरते, तर त्याच्याकडे ढुंकूनही न बघता सगळे पुढे. नवखा विचारतो, नियम काय आहे? छापील नियम नाही. सवय आहे, संकेत आहे, आणि तो दर वेळी रस्त्यावरच ठरतो. तो कसा ठरला हे ओळखायला मी हळूहळू शिकले. कसं ते सांगते.

माझी पहिली टूर 2010ची. दादाला सायकलिंगचं वेड आधीपासून होतं, मी नुसती शेजारी बसायचे. 19 जुलैला पोर्त द बालेसच्या चढावर पिवळी जर्सी (सगळ्या टप्प्यांची वेळ धरून जो पुढे त्याची) घातलेल्या अँडी श्लेकची चेन उतरली. तो खाली उतरून चेनशी झटत होता आणि त्याच क्षणी आल्बेर्तो कॉन्तादोर बाजूने सुसाट निघून गेला. सकाळी श्लेक 31 सेकंदांनी पुढे होता, संध्याकाळी 8 सेकंदांनी मागे. मी ओरडले, "हा कसला चॅम्पियन, चाक रुतलेल्यावर बाण सोडतोय!" दादा म्हणाला, "आधी रिप्ले बघ. मग कर्ण-अर्जुन कर." आमचं भांडण तिथून सुरू झालं. मी वही घातली तीसुद्धा त्या भांडणापायीच.

तर वही घ्या. साधी चालेल. कुणी पडलं की कॅमेरा जखमेवर जातो, समालोचकाचा आवाज चढतो आणि आपणही त्या माणसाकडेच बघत बसतो. तसं करू नका. पडलेला माणूस पुढची दोन मिनिटं स्क्रीनवर राहणारच आहे. आधी कोपऱ्यातले आकडे टिपून घ्या: शेवटाला किती किलोमीटर उरले, पुढे निसटलेला गट आहे का, आणि तो किती मिनिटं पुढे आहे. हे आकडे भराभर बदलतात आणि नंतर शोधून सापडत नाहीत.

किलोमीटर कशाला? ऐंशी किलोमीटर उरलेले असताना थांबण्यात कुणाचं फारसं जात नाही, सगळेच हळू होतात आणि गाडी पुन्हा रुळावर येते. सपाट टप्प्याच्या शेवटच्या 3 किलोमीटरमध्ये पडलात तर ज्या गटात होतात त्या गटाचीच वेळ मिळते (काही टप्प्यांत ही हद्द वाढवतात). तिथे नियमच सांभाळून घेतो, मोठेपणाची गरज नाही. घाटमाथ्यावर संपणाऱ्या टप्प्याला ही सवलत नाही. खरी परीक्षा या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात होते.

पुढचा गट का बघायचा, तर थांबायची किंमत तिथे ठरते. मागचे थांबले की पुढच्यांचं फावतं. 2010च्याच टूरमध्ये, चेनच्या प्रकरणाच्या बरोबर चौदा दिवस आधी, ब्रसेल्सहून स्पाला जाणारा टप्पा होता. स्टोकूच्या निसरड्या उतारावर माणसं पत्त्यांसारखी कोसळली. त्यात दोघे श्लेक बंधूही होते. पिवळी जर्सी तेव्हा फाबियान कान्चेलाराकडे होती. त्याने पुढे येऊन सगळ्यांना आवरलं आणि अख्खा पेलोटॉन, म्हणजे सायकलस्वारांचा मुख्य घोळका, संथपणे शेवटाकडे गेला, कुणी स्प्रिंटही मारली नाही. सिल्व्हाँ शावानेल मात्र पुढे निसटलेला होता. तो टप्पाही जिंकला आणि पिवळी जर्सीही घेऊन गेला. म्हणजे कान्चेलाराने स्वतःच्या अंगावरची जर्सी सोडली. आता दादाचं म्हणणं ऐका: अँडी श्लेक कान्चेलाराच्याच टीमचा म्होरक्या होता, मग यात त्याग किती आणि टीमचं काम किती? दोन्ही होतं. माझ्या वहीत 'का थांबला' या रकान्यात क्वचितच एक कारण असतं. तुम्हीही एकावर समाधान मानू नका.

यानंतर पडण्याचं कारण. ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. बाहेरून आलेलं संकट, यंत्राचा बिघाड आणि स्वतःची चूक. पहिल्यात फारसा वाद नसतो. 2012मध्ये म्यूर द पेगेरच्या माथ्यावर कुणीतरी रस्त्यात टाचण्या टाकून ठेवल्या होत्या आणि एकामागून एक टायर बसले. आदल्या वर्षीचा विजेता कॅडेल एव्हान्स त्यात अडकला. ब्रॅडली विगिन्सने पिवळ्या जर्सीत सगळ्यांचा वेग उतरवला. 2003मध्ये लूझ आर्दिदेंच्या चढावर प्रेक्षकाच्या पिशवीत हँडल अडकून लान्स आर्मस्ट्राँग पडला. तेव्हा यान उलरिश त्याच्या फक्त 15 सेकंद मागे होता, तरी पुढचे थांबले. उलरिश मनापासून थांबला की नुसता सावकाश झाला, यावर लोक अजून भांडतात. मला विचाराल तर 2001चा संदर्भ घेतल्याशिवाय तो प्रसंग कळतच नाही. त्या वर्षी पेरसूर्दच्या उतारावर उलरिश रस्ता सोडून खाली गेला होता आणि आर्मस्ट्राँग त्याच्यासाठी थांबला होता. आर्मस्ट्राँगची ती सगळी जेतेपदं पुढे डोपिंगपायी काढून घेतली गेली. माझ्या वहीत दोन्ही पानं तशीच आहेत. माणूस फसवा निघाला म्हणून त्या दिवशीचं थांबणं पुसता येत नाही.

बिघाडाच्या बाबतीत हात बघा. ज्याची सायकल बिघडते तो हात वर करतो, मागच्या टीम-कारला खूण म्हणून. त्याच क्षणी जो हल्ला करतो, म्हणजे एकदम वेग वाढवून निसटायला बघतो, त्याला पाहिलं नाही असं म्हणणं अवघड जातं. 2017ला माँ द्यू शाच्या चढावर क्रिस फ्रूमने हात वर केला आणि फाबियो आरू नेमका तेव्हाच उसळला. थोड्या वेळात बाकीच्यांनी वेग सोडला आणि फ्रूम परत आला. अशा वेळी रिप्लेमध्ये हल्ला करणाऱ्याकडे बघून उपयोग नाही. त्याच्या मागचे काय करतात ते बघा, कारण संकेत मोडला की पाळला हे तेच ठरवतात.

पोर्त द बालेसचा रिप्ले मी दादाच्या आग्रहाने शेवटी चार-पाच वेळा पाहिला. हल्ला आधी श्लेकनेच केला होता. त्याच झटक्यात त्याची चेन उतरली. कॉन्तादोर मागून त्या हल्ल्याला उत्तर द्यायलाच निघालेला होता. म्हणजे शर्यत पेटलेली होती, आणि पेटलेल्या शर्यतीत कुणी कुणासाठी थांबत नाही, हाही संकेतच. नंतर कॉन्तादोरने व्हिडिओ टाकून माफी मागितली. टूर संपली तेव्हा दोघांमध्ये फरक होता 39 सेकंदांचा, आणि त्या दिवशी कॉन्तादोरने कमावलेले सेकंदही 39च. 2012मध्ये डोपिंगच्या निकालात त्याचं ते जेतेपद गेलं आणि श्लेकला मिळालं, पण आमच्या वादाला त्याचा उपयोग नाही. तुमच्यासाठी यातून घ्यायचं एवढंच: चुकीच्या क्षणाच्या आधीची तीस सेकंदं पाहिल्याशिवाय कुणालाही खलनायक करू नका. टीव्हीवाले बहुतेकदा पडल्यापासून पुढचंच दाखवतात.

तिसरा प्रकार स्वतःच्या चुकीचा. माझ्या मते सगळ्यात रसाळ तोच. उतार उतरणं हे चढण्याइतकंच कसब आहे. वळण चुकलं, आपटलास, तर ते तुझं. कुणी थांबायचं बंधन नाही. म्हणूनच 21 जुलै 2022चं पान माझ्या वहीत सगळ्यात जास्त गिचमिड झालेलं आहे. लूर्दहून ओताकामला जाणारा टप्पा. योनास विंगेगो पिवळ्या जर्सीत, दोन वेळचा विजेता तादेय पोगाचार 2 मिनिटं 18 सेकंद मागे. डोंगरात फरक भरून काढायची ही शेवटचीच संधी. स्पाँडेल घाट टूरने पहिल्यांदाच घेतला होता, अरुंद आणि कडेला खडी. पोगाचारने चढावर हल्ल्यावर हल्ले केले, एकही लागू पडला नाही. मग उतारावर त्याने जिवावर उदार होऊन वेग धरला. आधी विंगेगोची सायकल थरथरली, तो कसाबसा सावरला. काही क्षणांत पोगाचारचं चाक खडीवर गेलं आणि तो घसरला. मांडी सोलली, शॉर्ट्स फाटली, आणि तो लगेच उठून सायकलवर बसला.

इथे विंगेगोला थांबायची काय गरज होती? दडपण पोगाचारनेच आणलं होतं आणि त्यात आधी विंगेगोच पडता पडता वाचला होता. तो निघून गेला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं. त्याने वेग सोडला, मागे बघितलं, पोगाचार येऊन मिळाला, आणि चालत्या सायकलींवर दोघांनी हातात हात दिला. मी तेव्हा किंचाळले होते हे कबूल करते. दादा गप्प होता, आणि दादाचं गप्प बसणं म्हणजे पुरस्कार.

आता अशा प्रसंगात नवखे हमखास जी चूक करतात ती. हात मिळवले की ते चहा ठेवायला उठतात, गोष्ट संपली समजून. बसा. पुढचे वीस-तीस किलोमीटर बघितल्याशिवाय थांबण्याचा अर्थ लागत नाही. त्याच दिवशी ओताकामच्या चढावर विंगेगोने, आपल्याच टीममधल्या वाउट फान आर्टच्या जोरावर, पोगाचारला मागे टाकलं आणि टप्पा 1 मिनिट 4 सेकंदांनी जिंकला. दया वगैरे काही नाही. तू खडीवर हरू नकोस, चढावर हर, एवढाच त्या थांबण्याचा हिशेब होता. टूर विंगेगोनेच जिंकली.

तीन वर्षांनी, 16 जुलै 2025ला, तूलूजमध्ये याची दुसरी बाजू बघायला मिळाली. शेवटाला साधारण 4 किलोमीटर असताना टोबियास हालाँद योहानेसनच्या चाकाला लागून पोगाचार रस्त्यावर घसरत गेला. पुढच्या गटात विंगेगो होता, रेमको एवेनपूल होता, पिवळी जर्सी घातलेला बेन हीली होता. त्यांनी वेग आवरला आणि पोगाचार परत येऊन मिळाला. दुसऱ्या दिवशी टप्पा कुठे संपत होता? ओताकामला! आणि पोगाचारने तिथे विंगेगोवर 2 मिनिटं 10 सेकंद काढली. ज्यांनी थांबून घेतलं त्यांनाच धुतलं म्हणून काही लोक हळहळले. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसलं नाही. त्या संध्याकाळी लोकांनी इंटरनेटवर योहानेसनला जे काही लिहिलं त्याचा मात्र राग आला. गटात रेषा बदलताना चाकं लागतात. तीस सेकंदांचा नियम आठवा.

मदत आणि थांबणं या दोन गोष्टी वेगळ्या लिहा, हेही जाताजाता. थांबायला नियम आड येत नाही, मदतीला येतो. 2015च्या जिरो द'इतालियात (इटलीतली टूरसारखीच शर्यत) फोर्लीच्या टप्प्यावर रिची पोर्टचं चाक पंक्चर झालं. दुसऱ्या टीममधला सायमन क्लार्क, दोघेही ऑस्ट्रेलियन, त्याने आपलं पुढचं चाक काढून दिलं. सगळ्यांना फोटो आवडला. संध्याकाळी पोर्टला 2 मिनिटांची शिक्षा, कारण दुसऱ्या टीमच्या गड्याची अशी मदत चालत नाही. टूर या बाबतीत जुनीच कडक. 1913मध्ये तूरमालेवर एजेन क्रिस्तोफचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) मोडला. तो सायकल वागवत डोंगर उतरला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क जोडला, आणि भात्याला एका पोराने हात लावला म्हणून त्याला वर दंड झाला. परक्या हाताला तेव्हा मज्जावच होता.

कधी कधी तुमच्या वहीतले सगळे रकाने भरूनही उत्तर निघत नाही. 2017च्या जिरोत टॉम डुमुलिन गुलाबी जर्सीत (जिरोतली पिवळी म्हणा) असताना, शेवटचा मोठा चढ सुरू होण्याआधी, पोट बिघडल्याने रस्त्याच्या कडेला धावला. अपघात नाही, बिघाड नाही, चूकही नाही. पुढचे गेले, त्याची दोन मिनिटांहून जास्त वेळ गेली. तरी शेवटी जिरो त्यानेच जिंकला, 31 सेकंदांनी. कारणाच्या रकान्यात मी तिथे नुसतं 'पोट' लिहून ठेवलंय.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो त्याच दिवशी पेनने भरू नका, पेन्सिलने भरा. माझ्या 2010च्या पानावर पोर्त द बालेससमोर आधी 'लबाड' लिहिलं होतं, मग खोडून 'घाई', आता तिथे प्रश्नचिन्ह आहे. खाली दादाच्या अक्षरात पहिल्या दिवसापासून 'बरोबर केलं' असं पेनने लिहिलेलं आहे. मी सांगून बघितलं, तो खोडत नाही.