दर्शनमंडप हलवण्यापूर्वी लेव्यांनी करायची तयारी

इस्राएल लोकांचे फिरते पूजास्थान म्हणजे निवासमंडप, यालाच दर्शनमंडपही म्हणत; त्यावरचा ढग वर गेला की तळ हलवायचा, असा सीनायच्या रानातला नियम होता. पण तो दोन दिवसांनी उठेल, महिन्याने उठेल की त्याहूनही उशिरा, हे आधी कोणालाच ठाऊक नसे, त्यामुळे मंडपाची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला सदैव तयार राहावे लागे. बायबलमधील गणना ग्रंथाच्या आधारे ती तयारी कामाच्या क्रमाने पुढे मांडली आहे.

आरंभ सामानापासून न करता माणसांपासून करावा. सेवेला लागण्याआधी प्रत्येक लेव्यावर शुद्धीकरणाचे पाणी शिंपडलेले असावे, त्याने सर्वांगावर वस्तरा फिरवलेला असावा आणि कपडे धुतलेले असावेत. ओझे वाहण्याच्या कामाला 30 ते 50 वर्षे वयाचेच पुरुष नेमावेत. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने केलेल्या मोजणीत असे 8,580 जण भरले; लेव्यांच्या तीन कुळांपैकी कहाथी 2,750, गेर्षोनी 2,630 आणि मरारी 3,200 होते. पन्नाशी उलटलेल्यांना मात्र बाजूला सारू नये. त्यांनी आपल्या भावांना राखणीच्या कामात मदत करावी, जड काम तेवढे करू नये. म्हाताऱ्या हातांचा मान राखणारा हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

आता झाकण्याचे काम. ते लेव्यांचे नव्हे; ते मोशेचा भाऊ अहरोन व त्याचे पुत्र या याजकांनीच करावे, आणि ते पुरे होईपर्यंत कहाथींनी आत पाऊल टाकू नये. प्रथम परमपवित्रस्थानापुढचा, म्हणजे मंडपाच्या सर्वांत आतल्या भागापुढचा, अंतरपट (पडदा) उतरवून त्यानेच आज्ञापटाचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्यांची पेटी, झाकावा, त्यावर तहश नावाच्या प्राण्याच्या कातडीचे आच्छादन घालावे आणि सर्वांत वर संपूर्ण निळे वस्त्र पसरावे. इतर पवित्र वस्तूंच्या बाबतीत कातडी बाहेर येते, कोशाच्या बाबतीत मात्र निळा रंग बाहेर राहतो. त्यामुळे एवढ्या मोठ्या काफिल्यात कोश कोठे आहे हे दुरूनही ओळखता येत असणार. मेजावर निळे वस्त्र अंथरून त्यावर तबके, कटोरे, पेयार्पणाच्या सुरया आणि नित्याची भाकर जशीच्या तशी ठेवावी, मग किरमिजी वस्त्र व त्यावर कातडी घालावी. प्रवास आहे म्हणून मेज रिकामे करायचे नाही, याकडे विशेष लक्ष द्यावे. दीपवृक्ष त्याच्या दिव्यांसह, चिमट्यांसह आणि तेलाच्या पात्रांसह निळ्या वस्त्रात गुंडाळून वाहण्याच्या चौकटीवर ठेवावा. सोन्याची वेदीही तशीच निळ्या वस्त्राने व कातडीने झाकून तिला दांडे लावावेत. पितळी वेदीतली राख आधी काढून टाकावी, मग तिच्यावर जांभळे वस्त्र पसरून अग्निपात्रे, काटे, फावडी व कटोरे त्यावर मांडावेत. दिव्याचे तेल, सुगंधी धूप, नित्याचे अन्नार्पण आणि अभिषेकाचे तेल ही अहरोनाचा पुत्र एलाजार याची जबाबदारी आहे.

एवढे झाल्यावरच कहाथींनी उचलण्यास यावे. त्यांनी पवित्र वस्तूंना हात लावू नये आणि क्षणभरही त्या पाहू नयेत, नाहीतर ते मरतील, असा स्पष्ट इशारा आहे. जे सर्वांत पवित्र ओझे वाहतात त्यांनाच ते दिसत नाही. खांद्यावर दांडा आणि डोळ्यांपुढे वस्त्र, एवढीच त्यांची सेवा.

गेर्षोनींनी मंडपाचे पडदे, बकऱ्याच्या केसांचे आच्छादन, दारांचे पडदे, अंगणाच्या कनाती आणि त्यांचे तणावे घ्यावेत. मरारींनी फळ्या, अडसर, खांब, उथळ्या (खांब व फळ्या बसवण्याच्या बैठका), मेखा आणि दोर घ्यावेत, आणि कोणी काय उचलायचे ते नावानिशी नेमून द्यावे, एक मेखही बेवारस राहता कामा नये. हे ओझे थोडेथोडके नव्हते. फळ्या 48, प्रत्येक 10 हात उंच. चांदीच्या उथळ्या 100, प्रत्येक एक किक्कार वजनाची, म्हणजे आजच्या मापाने साधारण 34 किलो. या दोन्ही कुळांवर देखरेख अहरोनाचा पुत्र इथामार याची असे.

इस्राएलाच्या वंशांच्या सरदारांनी दिलेल्या सहा गाड्या व बारा बैल यांची वाटणी याच हिशेबाने करावी: गेर्षोनींना दोन गाड्या व चार बैल, मरारींना चार गाड्या व आठ बैल. कहाथींना गाडी देऊ नये, कारण त्यांचे ओझे खांद्यावरच वाहायचे आहे. हा नियम पुढे दावीद राजाच्या काळात एकदा सुटला. कोश नव्या गाडीवर चढवला गेला, खळ्याजवळ बैल बिचकले, गाडीबरोबर असलेल्या उज्जाने कोश सावरण्यासाठी हात लावला आणि तो जागीच मेला. तीन महिने कोश ओबेद-अदोमाच्या घरी राहिला. त्यानंतर लेव्यांनी तो दांड्यांनी खांद्यावर घेतला, तेव्हाच तो यरुशलेमेत आला.

निघण्याची खूण याजकांनी चांदीच्या दोन कर्ण्यांनी द्यावी. यहूदा वंशाचा तळ पुढे गेला की मंडप उतरवून गेर्षोनी व मरारी यांनी निघावे, त्यांच्यामागे रऊबेन वंशाचा तळ जावा, आणि त्यानंतरच कहाथींनी चालू लागावे. हे अंतर मुद्दाम ठेवलेले आहे. नव्या मुक्कामी पोचताच मरारींनी उथळ्या मांडून फळ्या उभ्या कराव्यात आणि गेर्षोनींनी पडदे ताणावेत, म्हणजे कहाथी येतील तेव्हा मंडप उभा असेल आणि कोश खांद्यावर घेऊन त्यांना उघड्यावर ताटकळावे लागणार नाही.