पॅनेलसमोर पोती, मागं अडचण: मिलमालकांनो, या चुका टाळा

सीझन लागला की मिलमध्ये सगळ्यात आधी भरते ती विजेच्या पॅनेलसमोरची, म्हणजे मुख्य स्विचबोर्डच्या कपाटासमोरची जागा. परभणी, सेलू, मानवतच्या जिनिंगमध्ये तिथं सरकीची पोती येतात, लातूर-उदगीरच्या डाळ मिलमध्ये तुरीचे कट्टे. विद्युत निरीक्षक येणार म्हटलं की ती हलतात, साहेब गेले की परत लागतात. पण ती जागा वायरमनच्या जिवासाठी आहे. आत शॉर्ट झालं तर मागं सरकायला त्याला तेवढीच वाट असते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार २५० व्होल्टच्या वरच्या स्विचबोर्डसमोर किमान १ मीटर मोकळी जागा हवी. थ्री फेजचं ४१५ व्होल्टचं पॅनेल यात आलंच. हे अंतर कमीत कमी आहे. पॅनेलचं दार ७० सेंटिमीटर रुंद असेल, तर ते उघडल्यावर दार आणि भिंतीच्या मध्ये जेमतेम ३० सेंटिमीटर उरतात. नवीन बांधकामात दीड मीटर सोडा. पॅनेलच्या पूर्ण रुंदीइतका पट्टा जमिनीवर पिवळ्या रंगानं आखा, म्हणजे हमालालाही सांगावं लागत नाही.

मागची जागा: सर्वात जास्त चुका इथंच

पाठीमागं उघडी जोडणी किंवा काही जोडसामान असेल, तर तिथली जागा २० सेंटिमीटरपेक्षा कमी तरी हवी, नाहीतर ७५ पेक्षा जास्त. मधलं काही चालत नाही. २० मध्ये माणूस शिरूच शकत नाही. ७५ च्या वर तो नीट उभा राहतो, वळतो. ४०-५० मध्ये मात्र तो आडवा होऊन शिरतो, आणि शॉक बसला तर भिंत आणि बसबारच्या (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) मध्ये अडकतो. तरीही ‘माणूस जाईल एवढं ठेवलंय’ म्हणून नेमकी हीच जागा सोडलेली असते.

दुसरी चूक मोजण्यात. अंतर पत्र्यापासून मोजत नाहीत, सगळ्यात बाहेर आलेल्या भागापासून मोजतात. पत्रा ते भिंत ८० आहे, पण केबल बॉक्स १२ सेंटिमीटर बाहेर आला, की उरले ६८. म्हणून केबल जोडण्याआधीच पॅनेल पुढं ओढा. केबल जोडून झाल्यावर ते हलवायचं म्हणजे सगळं काम परत.

भिंतीला चिकटवायचं असेल तर ऑर्डर देतानाच सगळी जोडणी पुढून उघडणारी मागा. नाहीतर मागचे बोल्ट आवळायला कुणाचा हातच पोचणार नाही. ७५ च्या वर जागा ठेवली, तर पॅनेलच्या टोकाकडून आत जायची वाट १.८ मीटर उंचीपर्यंत मोकळी लागते. केबल ट्रे खाली लोंबते ती बहुतेक याच वाटेवर.

उन्हाळ्यात उघडं दार

पारा ४२ च्या पुढं गेला की ब्रेकर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप पडतो. मग दार उघडं टाकून समोर फर्राटा पंखा, कुठं तर चक्क कूलर लावतात. जागाही गेली, पाणीही आलं, आणि कापसाचा तुसा बसबारवर बसला. एक ठिणगी पुरे. आधी ढिले लग (केबलच्या टोकाच्या जोडण्या) आणि वाढलेला लोड तपासा. तुसा व्हॅक्यूमनं ओढा, ब्लोअरनं तो आणखी आत जातो.

हे सगळं पुरवठा बंद करून, कुलूप लावूनच करा. डीजीकडून (डिझेल जनरेटरकडून) उलटी वीज येणार नाही हे बघा. कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही वीज साठून राहते, तो डिस्चार्ज व्हायला किमान ५ मिनिटं द्या, मग तिन्ही फेज मीटरनं तपासा.

शेडवरची तार

शेड वाढवताना वरच्या ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) लाइनकडं कुणी बघत नाही. छतापासून उभं ३.७ मीटर आणि बाजूनं १.२ मीटर अंतर हवं. लघुदाबाच्या (४१५ व्होल्टसारख्या कमी दाबाच्या) तारेला ते २.५ आणि १.२ मीटर. थंडीत बरोबर भरलेलं अंतर मेमध्ये तार झोळल्यावर कमी पडतं, म्हणून जास्तीत जास्त झोळ धरूनच हिशेब करा. छतावर चढून टेपनं मोजू नका. महावितरणला कळवून त्यांच्या माणसाकडूनच मोजून घ्या, तेही पत्रे चढवण्याआधी.