'फेअर यूज' लिहिलं म्हणून सुटका होत नाही: कोकणातल्या यूट्यूब चॅनलवाल्यांनो, या चुका टाळा

व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमधला तो इंग्रजी परिच्छेद तुम्हीही पाहिला असेल. कॉपीराइट कायदा १९७६, कलम १०७, फेअर यूजला (दुसऱ्याच्या कृतीच्या रास्त वापराला) परवानगी आहे, वगैरे. देवगडच्या ड्रोन शूटखाली तो असतो, गुहागरच्या जाखडी नाचाखाली असतो, कुणाच्या तरी हळदीच्या रीलखालीही असतो. हे कलम अमेरिकेचं आहे. आपला कायदा १९५७चा, आणि त्यातल्या सवलती कलम ५२मध्ये आहेत. लोकलचा पास दाखवून कुडाळ-मालवण एसटीत बसण्यातला हा प्रकार.

फरक नुसता कलमाच्या आकड्याचा नाही. अमेरिकेत कोर्ट चार गोष्टी तोलतं: वापर कशासाठी केला, मूळ कृती कोणत्या प्रकारची, त्यातलं किती घेतलं आणि मूळ मालकाच्या बाजाराला धक्का बसला का. कोणताही वापर घेऊन जा, तो या तराजूत घालता येतो. आपल्याकडे तराजूच्या आधी दार आहे. खाजगी वापर आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन, याखेरीज शाळा, देऊळ, कोर्टकचेरी अशांसाठी ठरावीक पोटकलमं. तुमचं कारण या यादीत बसलं, तरच किती घेतलं याची चर्चा. 'मी यातून पैसे कमवत नाही' हे कारण यादीत नाही. 'गावाची प्रसिद्धी व्हावी म्हणून' हेही नाही.

'तीस सेकंदांपर्यंत चालतं'

कुठेही लिहिलेलं नाही. दहा सेकंद चालतात, सात चालतात, स्पीड वाढवला की चालतं, या सगळ्या कट्ट्यावरच्या गोष्टी. १९९६मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या दुसऱ्या नाटकाचा वाद आला होता. मूळ नाटकातले प्रसंग, पात्रं त्यात घेतली होती. कोर्टाने घड्याळ लावलं नाही. भाष्याच्या मानाने उचललेला मजकूर किती, तो कशासाठी उचलला आणि दोन्ही कृतींची स्पर्धा होईल का, हे पाहिलं. उत्तर देण्यासाठीच घेतलं होतं म्हणून ते नाटक तरलं.

२०१२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने टीव्हीवरच्या गप्पांमध्ये गायिकेने गायलेल्या चार ओळींसारखी गोष्ट क्षुल्लक म्हणून सोडून दिली. पण त्यावर विसंबून तारकर्लीच्या होमस्टेच्या जाहिरातीला सिनेमातलं गाणं अठ्ठावीस सेकंद लावू नका. तिथे ना टीका आहे, ना परीक्षण, ना बातमी. तिथे गाणं पर्यटक बोलावतंय.

सूट कार्यक्रमाला, व्हिडिओला नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कलम ५२मध्येच 'झेडए' म्हणून एक पोटकलम आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं गायलं किंवा रेकॉर्ड वाजवली तर ते उल्लंघन नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सोहळेही त्यात स्पष्ट धरले आहेत. म्हणजे गणपतीपुढे भजनी बुवांनी सिनेमाच्या चालीवर गजर घेतला, वरातीत बेंजोवाल्यांनी ताजं गाणं वाजवलं, तर बिनधास्त.

मग तोच गजर दुसऱ्या दिवशी मंडळाच्या चॅनलवर चढतो आणि गाण्याच्या मालकाचा कॉपीराइट क्लेम येतो. मंडळी चिडतात, 'देवाच्या कामालाही कॉपीराइट?' देवाचं काम आरतीबरोबर संपलं. कायद्याची सूट समारंभ चालू असताना तिथे जे ऐकू गेलं त्याला आहे. व्हिडिओ नंतर चॅनलवर टाकणं हे लोकांपर्यंत पोचवण्याचं वेगळं काम धरलं जातं. वेडिंग शूट करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. आणि तिकीट लावून नाट्यगृहात होणाऱ्या डबल बारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) मुळात धार्मिक समारंभ म्हणणंच कठीण आहे.

'गाणं मागे वाजत होतं, मी लावलं नाही' ही तक्रारही नेहमीची. पार्श्वभूमीला सहज आलेल्या गोष्टींसाठी सूट आहे, पण ती कलाकृतींना: चित्रं, शिल्पं, फोटो. चौकातला पुतळा फ्रेममध्ये आला तर काळजी नाही. शेजारच्या स्टॉलवरच्या स्पीकरमधलं गाणं त्या पोटकलमात येत नाही. माशांच्या लिलावाचा आवाज हवा असेल तर माइक कोलणीजवळ न्या.

दशावतारी नाटकाचं वेगळंच. 'कथा पुराणातली, संवाद ऐनवेळचे, लिहिलेली संहिता नाही, मग मालक कोण?' असं म्हणत जत्रेतलं अख्खं नाटक रात्रभर लाइव्ह केलं जातं. पुराणकथा कुणाचीच नाही, कबूल. पण सादरीकरणाचा हक्क कलाकाराचा आहे, कलम ३८ प्रमाणे, पन्नास वर्षं. कायद्याने कलाकाराच्या व्याख्येत नट, गायकांबरोबर गारुडीही घातला आहे, मग दशावतारातला संकासूर का सुटेल? बातमीसाठी किंवा परीक्षणासाठी तुकडा दाखवा. पूर्ण नाटक दाखवायचं तर कंपनीच्या मालकाला आणि कलाकारांना आधी विचारा.

थोडक्यात आणखी काही. 'फोटो साभार गूगल' हे लिहून काही होत नाही, गूगल त्या फोटोचा मालक नाही. श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. हॉटेलात गाणी लावायची तर रहिवासी सोसायटीच्या सभागृहाला असलेली सूट तुम्हाला नाही, कायद्यात हॉटेल वगळलंय. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणाचा २०१६चा निकाल शिकवण्यासाठी काढलेल्या प्रतींबद्दल होता. क्लासवाल्यांनी अख्खं गाइड पीडीएफ करून टेलिग्रामवर फिरवण्याचा तो परवाना नाही.

क्लेम आलाच तर

आधी बघा, क्लेम आहे की स्ट्राइक. क्लेम बहुतेक वेळा यंत्राने जुळवलेला असतो. उत्पन्न मालकाकडे जातं किंवा व्हिडिओ अडतो, पण चॅनलला डाग लागत नाही. यूट्यूब स्टुडिओत तेवढा भाग कापा, आवाज बंद करा किंवा गाणं बदला. स्ट्राइक म्हणजे मालकाच्या मागणीवरून व्हिडिओ काढून चॅनलला दिलेली ताकीद; तो मात्र नव्वद दिवस राहतो आणि असे तीन झाले की चॅनल जाऊ शकतं.

रागाच्या भरात 'डिस्प्युट' (क्लेमवर हरकत) दाबू नका. बाजू लंगडी असेल तर मालक व्हिडिओ काढायची मागणी करतो आणि साध्या क्लेमचा स्ट्राइक होतो. बाजू खरी असेल तर मोघम 'फेअर यूज' न लिहिता नेमकं लिहा: 'हे चित्रपटाचं परीक्षण आहे. चौथ्या मिनिटाला पंधरा सेकंदांचं दृश्य दाखवून त्याच्याच संकलनावर पुढची दोन मिनिटं बोललो आहे. भारतीय कायदा, कलम ५२(१)(ए).' मालकाला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. स्ट्राइकविरुद्धची काउंटर नोटीस (व्हिडिओ परत लावा अशी रीतसर मागणी) त्याहून गंभीर: खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो.

यापेक्षा गावातल्याच बुवांकडून नवी चाल बांधून, पखवाज-पेटीवर रेकॉर्ड करून घेतलेली परवडते. फक्त व्यवहार तोंडी ठेवू नका. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचे निम्मे प्रेक्षक दुबई-मस्कतला असतील, तर 'संपूर्ण जग' हे दोन शब्द सही करण्याआधी घालून घ्या.