अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर चुकतंय? या चुका टाळा

प्रयोग साधा: दूरच्या वस्तूची प्रतिमा आरशासमोरच्या कागदावर रेखीव पाडायची आणि आरशापासून कागदापर्यंतचं अंतर मोजायचं, तेच नाभीय अंतर. एकच आरसा, पाच गट, पाच उत्तरं. आरशाच्या मागे ‘20 सेमी’ असं लिहिलेलं आणि वह्यांमध्ये 20.5 पासून 22 पर्यंत काहीही. मग मुलं सरासरी काढून मोकळी होतात.

घोळ बहुतेक वेळा ‘दूरची वस्तू’ म्हणून घेतलेल्या खिडकीचा असतो. चौकट आरशापासून जेमतेम दोन मीटरवर, तिची प्रतिमा नाभीवर, म्हणजे दुरून येणारे समांतर किरण जिथे एकत्र येतात त्या बिंदूवर, पडेलच कशी? 200 सेमीवरच्या वस्तूची प्रतिमा 22.2 सेमीवर येते. 30 मीटरवरचं झाड घ्या, 20.1 येईल. कागदावर खिडकीचे गज छान उमटले की आपण खूश होतो, पण त्या क्षणी मागचं झाड धूसर असतं. गज विसरा. फांद्या रेखीव होईपर्यंत कागद हळूहळू आरशाकडे सरकवा, मगच पट्टी लावा. आणि वहीचं अख्खं पान आरशासमोर धरू नका, येणारा उजेडच अडतो. दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी पुरते.

आकृतीत वेगळीच गंमत. प्रत्येक बिंदूवरची स्तंभिका (आरशाला काटकोनात असलेली रेषा) मुख्य अक्षाला, म्हणजे आरशाच्या मधून जाणाऱ्या सरळ रेषेला, समांतर काढणारे दरवर्षी निघतात. वक्र आरशाची स्तंभिका म्हणजे तो बिंदू आणि वक्रता केंद्र (आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याचं केंद्र) जोडणारी रेषा. आपतन कोन, म्हणजे येणाऱ्या किरणाचा कोन, तिच्यापासून मोजायचा. हे नीट केलं तरी कंपासने खोलगट कंस काढला असेल, तर किरण नाभीत मिळत नाहीत. मग खोडरबर घेऊन ते जबरदस्तीने मिळवले जातात! खरं तर आकृती बरोबरच असते. अक्षाला समांतर आलेला किरण 30 अंशांनी आपटला, तर 40 सेमी वक्रता त्रिज्येच्या आरशात तो अक्षाला ध्रुवापासून (आरशाच्या मध्यबिंदूपासून) 20 नव्हे, साधारण 17 सेमीवर छेदतो. 60 अंशांनी आपटला तर थेट ध्रुवावरच येतो. ‘नाभीय अंतर वक्रता त्रिज्येच्या निम्मं’ हा नियम अक्षाजवळच्या किरणांपुरताच. म्हणून कंस उथळ काढा; प्रयोगात प्रतिमेला धुरकट कड राहत असेल, तर मध्ये भोक पाडलेला काळा कागद आरशावर लावून पाहा.

कडेचे आणि मधले किरण एकत्र न येणं हे हबल दुर्बिणीलाही भोवलं. 1990 मध्ये ती अवकाशात गेली तेव्हा तिच्या 2.4 मीटरच्या आरशाची कड सुमारे 2.2 मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त सपाट झालेली होती. धूसर चित्रांवरचा उपाय 1993 मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन बसवला.

अर्धा आरसा झाकला की अर्धी प्रतिमा, हेही चूक. प्रतिमा पूर्णच दिसते, फक्त मंद. गणितात अधिक-उण्याची चिन्हं किमती भरताना एकदाच लावा, सूत्रात पुन्हा नकोत.

प्रयोग संपला की आरसा पालथा ठेवायचा. आमच्याकडे खिडकीत राहिलेल्या एका आरशाने दुपारच्या उन्हात पडद्यावर काळा ठिपका पाडला होता. तो पडदा अजून तिथेच आहे.